बांध आणि बोजा : जमीन राखण्यासाठी सरकारी मदत

शेतजमीन राखण्यासाठी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला मिळणारा सरकारी पैसा दोन वाटांनी येतो. पहिली वाट अनुदानाची. बांधबंदिस्ती, शेततळे, विहीर, ठिबक, फळबाग अशा कामांसाठी कृषी विभाग, मृद व जलसंधारण विभाग किंवा पंचायत समिती खर्चाचा मोठा वाटा उचलते. दुसरी वाट कर्जाची. गावची सोसायटी किंवा बँक रक्कम देते आणि व्याजाचा भार सरकार अंशतः, कधी पूर्णपणे, सोसते. या दोन वाटांची दारे वेगळी, कागद वेगळे, साहेबही वेगळे. शेतावर मात्र दोन्ही पैसे एकाच कामाला लागतात. अनुदान बहुतेक वेळा काम पुरे झाल्यावर खात्यात जमा होते, त्यामुळे आधीचा खर्च शेतकऱ्यालाच उभा करावा लागतो. गाठीला पैसा नसेल तर कर्ज काढावे लागते आणि कर्जासाठी सातबारा स्वच्छ असावा लागतो. कुठला कागद कशाच्या आधी लागतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या पदरात दोन्ही पडते. इतरांचे अर्ज अपात्र ठरण्याची खरी कारणे बहुधा या क्रमातच सापडतात.

तगाईपासून आजपर्यंत

जमीन राखणे आणि कर्ज देणे ही दोन्ही कामे मुळात एकाच कायद्यात होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खते आणि वह्या जाळल्या. हा उठाव पुणे-अहमदनगर भागात पसरल्यावर सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला आणि त्यानंतर सावकाराला पर्याय म्हणून दोन कर्जकायदे आणले. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा विहीर, तळे, निचरा, पुरापासून व पाण्याच्या धुपीपासून जमिनीचे रक्षण अशा टिकाऊ कामांसाठी होता. १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा बी-बियाणे, बैल आणि आपत्तीतला आधार यांसाठी होता. लोकांनी दोन्हींना एकच नाव दिले : तगाई. हे कर्ज थकले तर त्याची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होत असे.

त्याच १८८३ साली जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्यात त्यांनी वेगळा उपाय मांडला : सरकारने आपल्या फौजेतल्या व पोलिसातल्या माणसांकडून जागोजाग ताली-बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतातच मुरेल. शेतकऱ्याला पैसा देऊन काम त्याच्यावर सोपवावे, की सरकारने स्वतः काम करून द्यावे, हा वाद तेव्हापासूनचा आहे. आजच्या योजनाही याच दोन गटांत मोडतात. काही वैयक्तिक लाभाच्या असतात, काही संपूर्ण शिवाराच्या.

तगाईचा लाभ फार थोड्यांना मिळाला. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्था आल्या, तरी १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे दिसले की शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सरकार आणि सहकारी संस्था यांचा वाटा प्रत्येकी साधारण ३ टक्केच होता. बाकीचे कर्ज बहुतांशी सावकार, व्यापारी आणि नातेवाइकांचे होते. सहकारी पतपुरवठा वाढवण्याचे धोरण या पाहणीनंतरच पक्के झाले. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १२ जुलै १९८२ रोजी नाबार्डची स्थापना झाली.

जमीन राखण्याचे काम या काळात वेगळ्या खात्याकडे गेले होते. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने सरकारला गावाच्या शेतांवर बांध घालण्याचा आणि खर्चाचा काही भाग जमीनमालकांकडून वसूल करण्याचा अधिकार दिला. शेतात बांध पडला आणि सातबाऱ्यावर ‘बंडिंग बोजा’ चढला. १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना बांधबंदिस्ती, पाझर तलाव आणि नालाबांधाची कामे मिळाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उतरलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप आले. १९८० नंतर सुटे बांध मागे पडून पाणलोट हे एकक मानले जाऊ लागले. माथ्यावर समतल चर, उतारावर ढाळीचे बांध, ओघळीत अनघड दगडी बांध आणि पायथ्याशी माती व सिमेंटचे नालाबांध, असा ‘माथा ते पायथा’ क्रम तेव्हा रूढ झाला. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही गावे या क्रमासाठी ओळखली गेली. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळल्याशिवाय माथ्यावरचा चर टिकत नाही, हे या गावांनी आधी पटवून घेतले. पुढे त्यांचा कित्ता गिरवणाऱ्या अनेक गावांनी बंधारे बांधले आणि चराईबंदी सोडून दिली. त्या गावांतले चर आज बुजलेले दिसतात.

आधी सातबारा

योजना कोणतीही असो, पहिली तपासणी सातबाऱ्याची होते. गाव नमुना सातमध्ये मालकी आणि ‘इतर हक्क’ असतात, बारामध्ये पिकांची नोंद. खातेदाराची एकूण जमीन आठ-अ उताऱ्यात दिसते. १ हेक्टरपर्यंत जमीन असणारा अत्यल्प भूधारक आणि १ ते २ हेक्टरवाला अल्प भूधारक, हे अनुदानाचे गट याच आठ-अ वरून ठरतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेत राज्यातले सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर निघाले होते, म्हणजे बहुतेक खातेदार याच दोन गटांत बसतात.

अडचणी जुन्याच असतात. आजोबा वारले, पण वारसनोंद झाली नाही. चार भावांचे खाते सामाईक राहिले आणि त्यातला एक मुंबईला असतो. इतर हक्कात साठ वर्षांपूर्वीची तगाई किंवा बंडिंगचा बोजा तसाच पडून आहे. ‘एकुमॅ’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अशी नोंद असल्यामुळे बाकीच्या भावंडांची नावेच उताऱ्यावर नाहीत. बँकेच्या पॅनेलवरचा वकील सर्च रिपोर्ट करताना अशा प्रत्येक नोंदीवर बोट ठेवतो. राज्याने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे आणि कालबाह्य नोंदी कमी करण्याचे काम हाती घेतले. मोहिमेच्या बाहेरही वारसनोंदीचा अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे करता येतो (गावात त्याला अजून तलाठीच म्हणतात). लेखनातली चूक महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडून दुरुस्त होते. भावकीतली वाटणी मात्र कोणत्याही मोहिमेने सुटत नाही. सहहिस्सेदारांचे संमतीपत्र हा तिथला व्यवहार्य उपाय आहे.

सातबाऱ्याच्या जोडीला आता दोन गोष्टी लागतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करायची असते. ती चुकली तर बारा नंबरचा रकाना कोरा राहतो आणि पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई या तिन्ही ठिकाणी प्रश्न उभा राहतो. दुसरी गोष्ट शेतकरी ओळख क्रमांक. ॲग्रिस्टॅक उपक्रमातला हा क्रमांक एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी अनिवार्य झाला.

शिवाराची कामे

नालाबांध, समतल चर, ढाळीचे बांध, पाझर तलावाची दुरुस्ती ही कामे एकट्या शेतकऱ्याने अर्ज करून मिळत नाहीत. ती गावाच्या आराखड्यात यावी लागतात. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेले आणि २०२३ पासून दुसऱ्या टप्प्यात आलेले जलयुक्त शिवार अभियान याच रीतीने चालते. गाव निवडले जाते, शिवारफेरी होते, पावसाचा आणि गरजेचा ताळेबंद मांडला जातो आणि आराखड्याला ग्रामसभा मान्यता देते. शिवारफेरीला गैरहजर राहिलेल्या शेतकऱ्याची ओघळ आराखड्यात सहसा नसते. ग्रामसभेला न जाण्याची किंमत इतकी रोकडी क्वचितच मोजावी लागत असेल.

या अभियानाच्या पहिल्या टप्प्यावर देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात टीका केली. मोठा खर्च होऊनही गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण झाली नाहीत आणि भूजलपातळीत अपेक्षित वाढ झाली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. याचे एक कारण माथा सोडून पायथ्याशी यंत्राने केलेले खोलीकरण हे मानले जाते. नाला खोल करणारे पोकलेन सर्वांना दिसते, माथ्यावरचा चर कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर आहे आणि त्यात पाणी मुरण्याचा वेग कमी असतो. म्हणून ते उतारावर जितके रेंगाळेल तितके उपयोगी ठरते. धरणांतला आणि तलावांतला गाळ काढून शेतात पसरण्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना हलक्या जमिनीच्या गावांना अधिक फायद्याची आहे. साठवण वाढते आणि मुरमाड रानाला मातीचा थर मिळतो.

विदर्भ-मराठवाड्यात आणि खारपाणपट्ट्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने २०१८ पासून वेगळी रीत आणली. जागतिक बँकेच्या कर्जावर चालणाऱ्या या प्रकल्पात निवडलेल्या गावांत सामुदायिक मृद-जलसंधारणही होते आणि वैयक्तिक अनुदानही मिळते. लोक त्याला ‘पोकरा’ म्हणतात. आपले गाव पोकरात आहे की नाही, हे या भागातल्या शेतकऱ्याने सर्वांत आधी पाहावे. तिथले दर आणि अटी इतर गावांपेक्षा वेगळ्या असतात.

स्वतःच्या बांधाआतली कामे

वैयक्तिक योजनांसाठी बहुतेक ठिकाणी महाडीबीटी या संकेतस्थळावरच अर्ज करावा लागतो. पूर्वी लाभार्थी सोडतीने निवडले जात. २०२५-२६ पासून ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ हे तत्त्व आले, त्यामुळे अर्जाच्या तारखेला किंमत आली. निवड झाल्याचा संदेश आल्यावर कागद चढवायचे, मग पूर्वसंमती मिळते, मग काम किंवा खरेदी करायची, पक्की बिले जोडायची, सहायक कृषी अधिकाऱ्याची मोका तपासणी झाली की रक्कम आधार जोडलेल्या खात्यात येते. या साखळीत पूर्वसंमतीचा कागद सर्वांत महत्त्वाचा. दुकानदार “घेऊन जा, अनुदान नंतर येईलच” म्हणतो आणि शेतकरी पूर्वसंमतीआधी ठिबकचा संच उचलतो. बिलाची तारीख आधीची पडली की प्रस्ताव बाद होतो.

ठिबक आणि तुषार संचासाठी केंद्राच्या योजनेतून अल्प-अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते. त्यावर राज्य आपल्या निधीतून अनुक्रमे २५ आणि ३० टक्के घालते, म्हणजे एकूण ८० आणि ७५ टक्के होतात. ही टक्केवारी ठरवून दिलेल्या मापदंड खर्चावर काढतात, दुकानातल्या बिलावर नव्हे. त्यामुळे हातचा खर्च कागदावरच्या २० टक्क्यांपेक्षा अनेकदा जास्त येतो. लाभाची मर्यादा ५ हेक्टर आहे आणि त्याच क्षेत्रावर पुन्हा लाभ घ्यायचा तर सात वर्षे थांबावे लागते.

शेततळ्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत कमाल ५० हजार रुपये मिळत. नंतर मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत ही मर्यादा ७५ हजारांवर गेली. मूळ कल्पना पावसाचे वाहते पाणी अडवून खंड पडेल तेव्हा पिकाला एखादे संरक्षित पाणी देण्याची होती. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात मात्र तळ्याला प्लास्टिकचे अस्तर घालून विहीर आणि बोअरचे पाणी उपसून त्यात भरले जाते. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी वर आणून उन्हात वाफ होऊ द्यायची आणि त्यालाच जलसंधारण म्हणायचे, हा प्रकार एका शेतकऱ्याच्या बागेला तारतो आणि शेजाऱ्याची विहीर आटवतो. पाणलोटाचा विचार करणाऱ्याने आत-बाहेर पाण्याची वाट असलेले, ओघळीच्या कडेचे तळे घ्यावे.

विहिरीसाठी रोजगार हमीतून मोठा लाभ मिळत आला आहे. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने सिंचन विहिरीच्या खर्चाची मर्यादा ४ लाख रुपये केली. सलग ०.४० हेक्टर जमीन आणि पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटर अंतर अशा अटी घातल्या. सातबाऱ्यावर आधीच विहिरीची नोंद असेल तर लाभ मिळत नाही, मग ती विहीर बुजलेली का असेना. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या रोजगार हमी कायद्याच्या (मनरेगा) जागी नवा कायदा मंजूर केला आहे, म्हणून सध्या लागू असलेले निकष पंचायत समितीतून लेखी घ्यावेत. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि आदिवासी शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना नवी विहीर, विहिरीची दुरुस्ती, पंप, शेततळ्याचे अस्तर अशा सगळ्या साखळीला पैसा देतात. पात्र असूनही या योजनांचे नाव न ऐकलेली कुटुंबे थोडी नाहीत.

विहिरीवर सौर पंप हवा असेल तर ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे असतात. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत ५ चा आणि त्यापुढे साडेसातचा पंप मिळतो.

उतारावरच्या हलक्या रानाला फळबाग हाही धूप थांबवण्याचा मार्ग आहे. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना रोजगार हमीच्या लाभात न बसणाऱ्यांसाठी आहे. तिचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे विभागून येते आणि पुढचे हप्ते झाडे जगली तरच मिळतात. लागवड हजारोंची आणि जगणारी झाडे शेकडोंची, ही जुन्या फळबाग योजनांची खोड या एका अटीने बरीच मोडली.

मधला पैसा : सोसायटी आणि बँक

अनुदान येईपर्यंतचा खर्च आणि हंगामाचा रोजचा खर्च यांसाठी बहुतेक गावांत पहिले दार विविध कार्यकारी सहकारी सोसायटीचे. तिच्या वर जिल्हा मध्यवर्ती बँक, त्यावर राज्य सहकारी बँक आणि शेवटी नाबार्ड. सोसायटीचा गटसचिव सभासदाचे पीकक्षेत्र पाहून कमाल मर्यादा पत्रक तयार करतो. गावात त्याला ‘क. म. पत्रक’ म्हणतात. सभासद सहकार कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे इकरार लिहून देतो आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा म्हणून होते. कर्ज फेडल्यावर बोजा आपोआप उतरतो असे अनेकांना वाटते. तो उतरवण्यासाठी बेबाकीचा दाखला आणि फेरफार लागतो. हा दाखला फेड केली त्याच आठवड्यात मागून घ्यावा.

कर्ज किती मिळेल ते जिल्हास्तरीय तांत्रिक समितीने ठरवलेल्या पीकनिहाय दरावर अवलंबून असते. किसान क्रेडिट कार्डाच्या हिशेबात पीकदर गुणिले क्षेत्र ही मूळ रक्कम. तिच्यात काढणीनंतरच्या आणि घरखर्चासाठी १० टक्के, शेतीच्या साधनांच्या देखभालीसाठी २० टक्के आणि विम्याचा हप्ता मिळवतात. समजा एखाद्या पिकाचा दर एकरी २५ हजार आहे आणि शेत दोन एकरांचे आहे. मूळ रक्कम ५० हजार, त्यावर ५ हजार आणि १० हजार, म्हणजे विमा सोडून मर्यादा ६५ हजार झाली. पुढच्या प्रत्येक वर्षी ती १० टक्क्यांनी वाढते आणि कार्ड पाच वर्षे चालते. बँकेने कमी रक्कम मंजूर केली तर हा हिशेब मांडून विचारता येते. देखभालीच्या २० टक्क्यांतून बांधाची डागडुजी, पाइपलाइनची दुरुस्ती अशी लहान कामे भागतात, हे फार थोडे कर्जदार लक्षात घेतात.

व्याजाची सवलत ३ लाखांपर्यंतच्या अल्पमुदत कर्जाला आहे. केंद्राच्या साहाय्यामुळे मूळ दर ७ टक्के राहतो आणि वेळेत फेडणाऱ्याला ३ टक्के परत मिळतात. महाराष्ट्रात राज्य सरकार बँकांना आणखी १ टक्का देते, शिवाय डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून वेळेत फेडणाऱ्याला ३ टक्के देते. हे सगळे जुळले की व्याज शून्यावर येते. पण काही बँका व्याजासह पूर्ण रक्कम आधी वसूल करतात आणि परतावा मागाहून जमा करतात, म्हणून ३१ मार्चला हातात पुरेशी रक्कम हवी. तारीख हुकली तर दोन्ही सवलती जातात. ‘नवं-जुनं’ ही मार्चमधली लगबग यातूनच आली. जुने कर्ज फेडून लगेच नवे उचलायचे आणि मधल्या चार दिवसांसाठी कुणाकडून तरी चढ्या व्याजाने हातउसने घ्यायचे. शून्य टक्क्यांच्या कर्जातला हा छुपा खर्च कुठल्याही सरकारी तक्त्यात येत नाही.

तारणाची अट १ जानेवारी २०२५ पासून सैल झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला जमीन गहाण मागायची नाही. पूर्वी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या बटईदारालाही कार्ड मिळू शकते, हे रिझर्व्ह बँकेच्या नियमांतच आहे. प्रत्यक्षात जमीनमालक लेखी द्यायला तयार नसतो, कारण कागद झाला की कूळ लागेल ही भीती त्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. अशा कसणाऱ्यांना चार ते दहा जणांचा संयुक्त दायित्व गट करून कर्ज घेणे सोपे जाते.

दीर्घ मुदतीच्या कर्जात मोठी पोकळी आहे. विहीर, पाइपलाइन, जमीन सपाटीकरण या कामांना पूर्वी भूविकास बँक पैसा देई. तिची वसुली ढासळली, राज्याने ती बंद करण्याचा निर्णय घेतला आणि २०२२ मध्ये उरलेल्या कर्जदारांची थकबाकी माफ केली. तिची जागा कोणी घेतली नाही. जिल्हा बँका पीककर्जापलीकडे फारशा जात नाहीत, त्यातल्या नागपूर, वर्धा, बुलडाणा अशा काही बँका मागे स्वतःच गंभीर आर्थिक अडचणीत सापडल्या होत्या. टिकाऊ कामासाठी म्हणून आता व्यापारी किंवा ग्रामीण बँकेचे मुदत कर्ज हाच मार्ग उरतो. तिथे कामाचे अंदाजपत्रक आणि स्वतःचा वाटा लागतो. अनुदानाची पूर्वसंमती हातात असेल तर बँकेला परतफेडीची खात्री वाटते, म्हणून कर्जाचा अर्ज तिच्यानंतर करणे फायद्याचे. गोदाम, प्रतवारी केंद्र अशा कामांसाठी २०२० चा कृषी पायाभूत सुविधा निधी २ कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षे ३ टक्के व्याजसवलत देतो. शेतकरी गट आणि कंपन्यांना तो उपयोगी आहे, बांध घालणाऱ्या एकट्या शेतकऱ्याला नाही.

कर्ज थकले तर

पीक बुडाले की कर्ज फिटत नाही, हे बँकेलाही मान्य आहे. नैसर्गिक आपत्तीत ३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाल्याचे प्रशासनाने जाहीर केले तर अल्पमुदत कर्जाचे मध्यम मुदतीत पुनर्गठन करता येते. खरिपाची अंतिम पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की राज्य सरकारही वसुलीला स्थगिती आणि पुनर्गठनाचे आदेश काढते. मात्र त्यासाठी कर्जदाराने संमती द्यावी लागते. कर्जमाफीच्या आशेवर अनेक जण ती देत नाहीत. दोन हंगाम हप्ता थकला की अल्प मुदतीच्या पिकांचे कर्ज अनुत्पादक ठरते आणि नवे कर्ज बंद होते. मग सावकाराचे दार उरते. २००८ मध्ये केंद्राने आणि २०१७ व २०१९ मध्ये राज्याने माफी दिली खरी. २०१९ च्या योजनेत २ लाखांपर्यंतची थकबाकी माफ झाली आणि नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झाले. पण प्रत्येक माफीच्या तारखा वेगळ्या होत्या आणि त्या आधी कुणालाच ठाऊक नव्हत्या. पुनर्गठन हा त्यामानाने कंटाळवाणा पर्याय आहे आणि बहुतेकांसाठी तोच शहाणपणाचा आहे.

अवैध सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाच्या कलम १८ खाली जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते आणि मागच्या १५ वर्षांतले असे व्यवहार तपासून जमीन परत करण्याचा आदेश होऊ शकतो.

सोसायटीने सभासदत्व किंवा कर्ज नाकारले तर तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे जाते. व्यापारी बँकेने नाकारले तर कारण लेखी मागावे, आधी बँकेकडे तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यासाठी पैसे लागत नाहीत. अनुदानाचा प्रस्ताव अडला असेल तर तालुका कृषी अधिकारी, त्यानंतर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी. प्रत्येक अर्जाची तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी, कारण पुढच्या पायरीवर तीच लागते. आपला प्रस्ताव कोणत्या टेबलावर किती दिवस आहे आणि आपल्या आधी कुणाला मंजुरी मिळाली, हे माहिती अधिकारात विचारता येते. उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही भरावे लागत नाही.